नुसते दगडच तर आहेत!

जुनापाणीला पाहुण्यांना घेऊन गेलं की थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, "यात बघायचं काय? नुसते दगडच तर आहेत!" प्रश्न रास्त आहे. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की शहराच्या कडेलाच ही शिळावर्तुळं लागतात. तीनशेच्या आसपास वर्तुळं, पण ना कळस, ना मूर्ती. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, तेवढंच.

विचारणाऱ्याला मी सांगतो, ऐवज दगडांत नाही, त्यांच्या मधल्या मातीत आहे. ही लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. मृताजवळ मडकी, लोखंडी हत्यारं ठेवायची, माती-मुरूम-गोट्यांचा भराव घालायचा आणि कडेने धोंडे लावायचे. जवळच्याच माहुरझरीला 1970च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा वर्तुळांत माणसांबरोबर घोड्यांची हाडं मिळाली, घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साजही मिळाला. घोडा माणसाशेजारी पुरला होता हे कळलं, कारण मधल्या काळात तिथली माती कुणी हलवली नव्हती. जेसीबीचा एक पंजा पडला की ते कायमचं गेलं. धोंडे परत गोल मांडून ठेवलेत तरी उपयोग शून्य.

इतकी वर्षं ती टिकली याचं श्रेय मी कायद्याला फारसं देत नाही. पुष्कळशी वर्तुळं मुरमाड, पडीक जमिनीवर आहेत. तिथे पीक येत नाही, म्हणून नांगर फिरला नाही. आता नेमकी तीच जमीन ले-आउटवाल्यांना हवी असते, आणि मुरूम तर रस्त्यांच्या भरावाला लागतोच.

प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा आहे, 1958चा. 2010च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. जुनापाणी या यादीत आहे. पण विदर्भात कुणाच्या वावरात, कुठे झुडपी जंगलात पडलेली कितीतरी वर्तुळं यादीत नाहीत. त्यांच्यासाठी हे 100 मीटर लागूच होत नाहीत. माझ्या मते आधी त्यांची गावनिहाय नोंद गट नंबरासकट व्हायला हवी, जुनापाणीचं कुंपण आणि फलक नंतर. तलाठ्याच्या कागदावर जे नाही, ते प्लॉट पाडणाऱ्याला दिसत नाही.