लग्नाला नाही, गोंधळाला येते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी हसण्यावारी नेते. शाळेत, शेजारात, नवऱ्याच्या ऑफिसात, सगळीकडे एकच विचारणा: "मॅडम, लग्नाला येत नाही, टिळ्याला येत नाही, पण देवीच्या गोंधळाला न बोलावता हजर. कामून?" काहींना वाटतं माझा नवस आहे. एका बाईंनी तर सासूबाईंनाच गाठून विचारलं, सूनबाईच्या अंगात येतं का म्हणून.

अंगात येत नाही. एक कॅसेट वेळेवर उलटली नाही, त्यातून हे सगळं झालं.

१९९६ च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा देऊन मी सेलूला आत्याकडे राहायला गेले होते. दुपारी घरात सगळे आडवे झाले की करायला काही नसायचं. आत्याच्या ट्रंकेत जुन्या पातळांच्या खाली एक साठ मिनिटांची कॅसेट सापडली. वर निळ्या शाईत 'गोंधळ' एवढंच लिहिलेलं. पाच वर्षांपूर्वी थोरल्या आतेभावाच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला होता, तो मामंजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, टेपरेकॉर्डर मांडवात ठेवून भरून घेतला होता. आता गोंधळ चालतो रात्रभर आणि कॅसेटीत मावतो एक तास. मामंजी हिशेबी माणूस. नको वाटलं की बटण दाबून टेप थांबवायचे. त्यामुळे गणपतीचा गण अर्धा, देवींचं आवतन अर्धं. तुळजापूरच्या भवानीला आणि माहूरच्या रेणुकेला बोलावणं गेलं, कोल्हापूरची अंबाबाई आणि वणीची सप्तशृंगी कापली गेली. साडेतीन पीठांतली आपल्या मराठवाड्यातली दोन तेवढी आली, असं मी नंतर मामंजींना चिडवायचे.

मी लहानपणापासून गोंधळ पाहिले होते, म्हणजे आईच्या मांडीवर झोपून पाहिले होते. संबळ माझ्यासाठी झोपेचं वाद्य. त्या दुपारी पहिल्यांदा जागेपणी ऐकलं. आधी नुसतं तुणतुणं, एकच तार, एकच सूर, हट्टी मुलासारखी. मागे कुत्रं भुंकतंय, आत्याचा आवाज येतोय, "दूध बगा गं कुणीतरी." आणि मग नाईकाचा, म्हणजे मुख्य गोंधळ्याचा, आवाज आला. तो गोड होता असं नाही म्हणता येणार. ज्वारीच्या कडब्यातून वारा जावा तसा खरखरीत, आणि वरच्या पट्टीत गेला की मधेच फाटायचा. फाटलेल्या जागी गप बसायचं सोडून हा माणूस तिथंच जोर लावायचा. मी ती जागा सात-आठ वेळा मागे घेऊन ऐकली.

आख्यान होतं जांभळाचं. तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. वनवासात पांडवांकडून एक पिकलेलं जांभूळ तोडलं जातं. ते असतं एका ऋषीच्या वाट्याचं, त्याचा तेवढाच आहार. आता तो शाप देणार. कृष्ण म्हणतो, प्रत्येकानं मनातलं खरं सांगा, जांभूळ वर चढेल आणि देठाला चिकटेल. पाची भाऊ आपापलं सांगतात, जांभूळ चढत जातं. द्रौपदीची पाळी येते. ती पतिव्रतेचं ठेवणीतलं उत्तर देते आणि जांभूळ सर्रकन खाली येतं. मग तिला खरं सांगावं लागतं. पाच नवरे असून मन कर्णाकडं गेलं होतं, हे.

तर कॅसेटीत नाईक तिथपर्यंत आणतो. संबळ थांबतो. नाईक म्हणतो, "मग द्रौपदी काय म्हनली..." आणि खट्. पहिली बाजू संपली.

मी धावत कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूची सुरुवात: "...आन् जांभूळ देठाला चिकटलं!" त्यावर संबळाचा दणका, उदो उदो. मधलं वाक्य गेलं. मामंजींना बाजू बदलायला जो काही मिनिटभर लागला असेल, त्यात गेलं.

आत्याला उठवून विचारलं, काय म्हणाली गं द्रौपदी? ती म्हणाली, "तेच की, कर्णाचं." ते मलाही माहीत होतं. पण म्हणाली कशी? "पहाटे तीनला कोन जागं आसतंय माय," म्हणून आत्यानं कूस बदलली.

हसू येईल, पण ते वाक्य मला तीन वर्षं छळत होतं. कॅसेट मी परभणीला आणली. डी.एड.च्या होस्टेलवर मैत्रिणी सिनेमाची गाणी लावायच्या, मी गोंधळ. त्या म्हणायच्या, कुणाचं लग्न आहे आज?

परभणीत कुणापाशी हे बोललं की जाणते लोक गोंधळमहर्षी राजाराम कदमांचं नाव काढायचे. आमच्या जिल्ह्याचा मान तो, आणि बरोबरच आहे. जांभूळ आख्यान म्हटलं की दुसरं नाव यायचं शाहीर विठ्ठल उमपांचं. त्यांनी ते नाट्यगृहात नेलं, शहरातल्या लोकांना तिकीट काढून पाहायला लावलं. पुढे २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात मंचावरच कोसळून ते गेले. ही मोठी माणसं. माझा नाईक त्यांच्या रांगेतला आहे असा माझा दावा नाही. कॅसेटीतल्या या नाईकाला सगळे अण्णा म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. पंचक्रोशीबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. पण मला हवं होतं ते वाक्य त्यांच्याकडे होतं.

१९९९ च्या वैशाखात कळलं की पाथरीच्या अलीकडे एका गावात त्यांचा गोंधळ आहे. ना ओळख, ना नातं. भावाला गळ घातली. त्याच्या एम-८० वर चाळीसेक किलोमीटर, शेवटचे काही मातीच्या रस्त्यानं. पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. अंगणात चौक भरलेला, ज्वारीच्या पाच धाटांचं मखर, कलश, खण, विड्याची पानं. छपरावर कर्णा बांधलेला. कर्णा, म्हणजे तो लोखंडी भोंगा. हे लक्षात ठेवा.

अण्णा दिसायला ठेंगणे निघाले. आवाजावरून मी सहा फुटी माणूस धरला होता. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, आणि पायात प्लॅस्टिकची चप्पल, ती चौकापाशी काढून ठेवली. संबळावर त्यांचे धाकटे भाऊ होते. ते एका बाजूला बसून हॅलोजनच्या दिव्यापुढे संबळ धरून कातडं तापवत होते. मधेच टिचकी मारून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा धरायचे. दोन भांडी, एक थोरलं, एक लहान. लहानावर सरळ काडी, थोरल्यावर टोकाला वाकडी. ती वाकडी काडी पडली की आवाज कानाला न लागता बरगडीला लागतो. कॅसेटीत हे नव्हतंच. कॅसेटीत संबळ डब्यावर काठी मारल्यासारखा ऐकू यायचा आणि मी त्यावरच खूश होते!

गण झाला, आवतन झालं, या वेळी साडेतीन पीठं पूर्ण. दिवटीचं तेल सारखं करायला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, अण्णांचा. परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या डोक्याचं आणि शिरांचं वाद्य केलं आणि आई रेणुकेपुढे वाजवलं, ती गोंधळाच्या जन्माची कथाही झाली. साथीदार मधेमधे फाजील प्रश्न विचारत होता. कॅसेटीवरून तो मला पोरगेला वाटला होता, निघाला पुढचे दोन दात पडलेला म्हातारा. अडीचच्या सुमाराला जांभूळ आलं. भाऊ माझ्या खांद्यावर झोपला होता.

पाची पांडव झाले. द्रौपदी आली. अण्णांनी उपरणं डोक्यावरून घेतलं, पदरासारखं, आणि टोक दातात धरलं. संबळ थांबला. "मग द्रौपदी काय म्हनली..."

साथीदार घाईघाईनं पुढे झाला आणि छपराकडं बोट दाखवून म्हणाला, "अवो बाई, कर्णाचं नाव कर्ण्यातून नका घेऊ, गावभर व्हईल!"

मांडव फुटला हसून. आणि त्या हशातच अण्णा माईक सोडून चालू लागले. पुढे बायका बसल्या होत्या, नवरीची आजी, आत्या, मावश्या. त्यांच्यापाशी जाऊन अण्णा उकिडवे बसले, वाकले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. माईक राहिला तिकडं. मी बसले होते मागे, पुरुषांच्या बाजूला, भावाजवळ. मला शब्दही ऐकू आला नाही.

पुढे बसलेल्या बायका एकदम गप झाल्या. अण्णा उठले, माईकपाशी आले आणि ओरडले, "आन् जांभूळ देठाला चिकटलं!" दणका. उदो उदो.

म्हणजे मामंजींनी कॅसेट वेळेवर उलटली असती तरी त्यात काही आलं नसतं. उगाच तीन वर्षं त्यांना मनातल्या मनात बोल लावला.

आरती झाल्यावर मी त्या बायकांमध्ये घुसले. एकीनं सांगितलं, "म्हनले, पाच जनांचं वाढताना हात सहाव्या पानाकडं जातो, माय." दुसरी म्हणाली, असं नाही, हात नाही, नजर म्हणाले. नवरीची आजी म्हणाली, "कायबी नाय म्हनले. नुसतं बगितलं माझ्याकडं."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं?

पुढच्या गोंधळाला मी सगळ्यांत पुढे बसले. तो जिंतूरकडं होता, त्याच वर्षी मार्गशीर्षात. या वेळी द्रौपदी म्हणाली, "खरं सांगितलं तर पाच घरं मोडतील, नाय सांगितलं तर झाड. कुनाला मोडू?" मी तयार होते त्या सहाव्या पानासाठी, ते आलंच नाही. त्यानंतर एकदा अण्णांनी एका आजींनाच विचारलं, तुमी सांगा, मी काय सांगू? आजींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "सांगून टाक माय, झाड वाट बगायलंय." हे मला अण्णांच्या कुठल्याही वाक्याहून आवडतं, पण ते आजींचं.

किती वेळा ऐकलं ते मोजलेलं नाही. लग्न झालं, नोकरी लागली, बदल्या झाल्या, वर्षातून दोन-तीनदा तरी गाठतेच. नवरा आधी सोबत यायचा, आता म्हणतो तू जा, मला सकाळी ड्यूटी आहे. मधे दोन वर्षं करोनाची गेली. अण्णा थकलेत. पूर्वी फाटलेल्या जागी जोर लावायचे, आता तिथं मुलगा सूर धरतो आणि अण्णा श्वास घेतात. दिवटीचं तेल बघणारा तो मुलगा आता संबळावर आहे आणि चुलत्यापेक्षा चांगला वाजवतो. हे मी त्याच्या चुलत्यासमोर बोलणार नाही.

गोंधळ मात्र आखडलाय. यजमान येऊन म्हणतात, "अण्णा, शॉर्टमधी घ्या, डीजेवाले यायलेत." दीड तासात गण ते आरती. मला राग येतो, अण्णांना येत नाही. ते परशुराम कापतात, विनोद कापतात, जांभूळ ठेवतात.

एकदा चहा पिताना विचारलं होतं, तिथं काय बोलायचं ते आधी ठरवता का? अण्णा बशीत फुंकर मारत म्हणाले, "पुढं कोन बसलंय ते बगावं लागतं मॅडम." आणि मुलाला हाक मारून संबळ गाडीत नीट ठेव म्हणून सांगायला लागले.

गेल्या वर्षी यजमानानं हौसेनं त्यांच्या झग्याला कॉलर माईक लावला. मला धस्स झालं. आता कुठंही गेले तरी आवाज सगळीकडे जाणार. मी पुढच्याच सतरंजीवर होते. संबळ थांबला, उपरणं डोक्यावर आलं, अण्णा बायकांकडं आले, उकिडवे बसले. आणि त्यांनी डाव्या मुठीत तो माईक गच्च धरला.

बाजूला एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याच्याकडून मी व्हिडिओ मागून घेतला. सगळं स्वच्छ आहे, तुणतुण्याची तारसुद्धा. त्या जागी मात्र कापडाची खरखर, आणि मग एकदम संबळ.

शनिवारी मानवतला त्यांचा गोंधळ आहे. लग्न कुणाकडचं आहे, अजून विचारलेलं नाही.