कॅस्ट्रा : पेन्शनीतल्या साहेबांची जमीन पाहायला

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अल्व्हरस्टोनमधून दक्षिणेला डोंगराकडे निघालं की आधी स्प्रेंट लागतं, मग कॅस्ट्रा. लॅटिनमध्ये कॅस्ट्रा म्हणजे सैन्याची छावणी. बाबा साताऱ्याहून आमच्याकडे मेलबर्नला आले होते. तेही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना मुद्दाम इथे घेऊन गेले.

कर्नल अँड्र्यू क्रॉफर्ड हा आपल्याकडच्या बॉम्बे आर्मीतला अधिकारी. १८५७ नंतर कंपनीचं सैन्य राणीच्या सरकारकडे गेलं, फेररचना झाली आणि कितीतरी गोरे अधिकारी ऐन उमेदीत पेन्शनीत निघाले. त्या पेन्शनवर विलायतेत जुन्या थाटात राहणं अवघड. क्रॉफर्डने १८६५ मध्ये पत्रक छापून त्यांना टास्मानियाची वाट दाखवली. १८६७ मध्ये तिथल्या सरकारने या अधिकाऱ्यांसाठी कॅस्ट्राची ५०,००० एकर जमीन राखून ठेवली, एकरी १ पौंड दराने. ज्यांची ही भूमी हजारो वर्षांची, त्या मूळ टास्मानियन लोकांना त्याआधीच हुसकावून लावलं होतं. भाव ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही, हे मला दिवसभर डाचत राहिलं.

हिंदुस्थानात बसून नकाशावर घेतलेली ही जमीन प्रत्यक्षात कशी होती? आभाळ झाकणारी निलगिरीची झाडं, खाली नेच्यांचं गच्च रान, चिखल, आणि धड रस्ता नाही. हुकूम सोडला की धावणारे नोकरही इथे नव्हते. जमीन घेतलेले बरेच जण आलेच नाहीत, आलेल्यांपैकी काही किनाऱ्यालगतच राहिले. क्रॉफर्ड मात्र कुटुंबासह कॅस्ट्रात टिकला.

अप्पर कॅस्ट्राला आता ते रान उरलेलं नाही. बटाट्याची, कांद्याची शेतं, गुरांची कुरणं. बाबांनी रस्त्याकडेचं एक ढेकूळ उचललं, चुरलं, वास घेतला. महाबळेश्वरच्या मातीसारखीच लालभडक, हाताला रंग लागला.

"सोनं आहे गं," ते म्हणाले. "पण गाडी न्यायला वाट नसेल, तर पिकवलेलं विकायचं कुठे?"

दीडशे वर्षांपूर्वीचं सगळं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: जहाज मेलबर्नजवळच्या जिलाँगहून टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला येतं, तिथून अल्व्हरस्टोन वीसेक किलोमीटर. फळं, भाज्या बरोबर नेऊ नका, टास्मानियात आणू देत नाहीत. पेट्रोल अल्व्हरस्टोनलाच भरा आणि नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या. वर रेंज गेली आणि आमची अर्धा तास भटकंती झाली. लाकडाचे ट्रक वळणावर अचानक समोर येतात. अंधारायच्या आत परता, वॉलबी (छोटे कांगारू) रस्त्यावर उड्या मारतात. शेतं खासगी आहेत, कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका.

तिथवर गेल्यावर नाएटाच्या पुढची लेव्हन दरी चुकवू नका. दरी पाहायला दोन सज्जे आहेत, वरच्या सज्जावरून नदी सुमारे २७५ मीटर खाली दिसते. दोन सज्जांमधल्या जंगलात ६९७ पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर वरच्या सज्जावरून त्याच वाटेने परत या. बाबांनी तेच केलं.

आणि सुटी नाणी जवळ ठेवा. शेतांच्या फाटकाशी बटाट्याच्या पिशव्या आणि पैशाचा डबा ठेवलेला असतो, विकायला माणूस नसतो. बाबांनी डब्यात नाणी टाकली, पुन्हा एकदा मोजून खात्री केली, मग पिशवी उचलली. त्या बटाट्यांची भाजी रात्री त्यांनीच केली.