कोबीचं तपकिरी पान

चित्र १७व्या शतकातलं, इटलीतल्या लोम्बार्दीचं. कॅनव्हासवर तैलरंगात स्वयंपाकघरातली फळी, तिच्यावर तांब्याची पातेली, पिसं काढलेली कोंबडी आणि अगदी उजव्या कडेला कोबीचा गड्डा. सही नाही. बेर्गामोचा चित्रकार एवारिस्तो बास्केनिसच्या (१६१७–१६७७) वळणाचं, यापुढे मी जाणार नाही. चित्र सफाईसाठी माझ्याकडे आलं तेव्हा मालकांना दोन गोष्टी हव्या होत्या: पिवळं पडलेलं वार्निश निघावं आणि मळकट कोबी हिरवा व्हावा.

अतिनील दिव्याखाली जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकलं, नंतरची डागडुजी काळ्या ठिपक्यांसारखी दिसली. वरची काजळी आधी काढायची. त्यासाठी पाण्यात २ टक्के ट्रायअमोनियम सायट्रेट, म्हणजे मळ सोडवणारा क्षार, हे नेहमीचं हत्यार. पण कोबीवर वार्निश जागोजागी झिजलेलं होतं, म्हणून तिथे फक्त आयनमुक्त पाणी वापरलं. सायट्रेट धातूंना धरून ओढतं, आणि जुन्या चित्रातल्या हिरव्यात तांबं असण्याची शक्यता कायमच असते.

वार्निशसाठी चित्रसफाईतले तज्ज्ञ पाओलो क्रेमोनेसींची चाचणी लावली: लिग्रोइन या सौम्य पेट्रोलियम द्रावकामध्ये १० टक्के अ‍ॅसिटोनपासून सुरुवात, मग दर वेळी १० टक्क्यांनी वाढ. बांबूच्या काडीवर काड्यापेटीच्या गुलापेक्षा थोडा मोठा कापसाचा बोळा, चाचणीपुरती ५ बाय १० मिलिमीटरची खिडकी. बोळा फिरवायचा, घासायचा नाही. घासला की धाग्यांच्या उंचवट्यांवरचा रंग आधी जातो. ४० टक्क्यांना पातेल्यावरचं वार्निश सुटलं आणि बोळा स्वच्छ पिवळा आला. पातेल्याची कड उजळली. तेच मिश्रण कोबीवर लावलं तर वार्निश गेलं, पान मात्र तपकिरीच. ५० टक्क्यांना बोळ्यावर पिवळ्याऐवजी हिरवट तपकिरी छटा दिसली आणि मी तिथेच थांबले. बोळ्यावर चित्राचा रंग आला की पुढची टक्केवारी करून बघायची नसते.

खुलासा चौकटीने केला. चित्र चौकटीतून काढलेलंच होतं. चौकटीच्या ओठाखाली जवळपास सेंटिमीटरभर पट्टी उजेडापासून झाकलेली राहिली होती. पान त्या पट्टीपर्यंत जातं, आणि तिथे ते गर्द हिरवं आहे. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एका भेगेच्या कडेलाही तेच दिसलं: वर तपकिरी साय, खाली हिरवा थर, त्याखाली सफेदा मिसळलेला फिका पिवळा. म्हणजे जंगाल, तांब्यापासून होणारा हिरवा रंग, तेलात किंवा राळेत घोटून दिलेला पारदर्शक थर, जो उजेड आणि हवेने वरून तपकिरी होतो. क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राने (क्ष-किरण प्रतिदीप्ती) पानात तांबं दाखवलं. (गंमत म्हणजे तांब्याच्या पातेल्यात तांबं सापडलं नाही, तिथे लोहाच्या मातीचे रंग आणि थोडा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचा लाल रंग.) हे यंत्र सगळे थर एकत्र वाचतं, त्यामुळे तांबं नेमकं कुठल्या थरात, हे मायक्रोस्कोपनेच ठरवायचं.

मग ती साय काढून हिरवा उघडा का करायचा नाही? साय आणि हिरवा हा एकच थर आहे, त्यांच्यामध्ये सोडवता येईल अशी सीमा नाही. थोडा जास्त सुटला की पानाच्या शिरा आणि सावल्या जातात, आणि उरतो खडूसारखा फिका गोळा. जुन्या सफाईत असे सोलवटलेले कोबी बरेच झालेत. चित्रकार मळसुद्धा रंगवतात, हेही विसरून चालत नाही: बास्केनिसने रंगवलेल्या वाद्यांवर धूळ आहे, तिच्यात बोटं ओढल्याच्या रेघा आहेत, आणि ते सगळं रंगच आहे.

मालकांना ती हिरवी पट्टी दाखवली. फोटोपेक्षा तिनेच काम केलं. पान हिरवं करा ही मागणी त्यांनी मागे घेतली. बाकी चित्र ४० टक्के अ‍ॅसिटोनच्या मिश्रणाने साफ केलं, पण कोबीभोवती वार्निशचा पातळ थर मुद्दाम ठेवला, नाहीतर उजळ फळीवर पान भोकासारखं दिसलं असतं. पानावरचं वार्निश फक्त ३० टक्क्यांच्या मिश्रणाने पातळ केलं, प्रत्येक वेळी लगेच लिग्रोइनने पुसून. हिरव्याने वरून रंगवणं साफ नाकारलं. अहवालात कोबीची हद्द आखून लाल शाईत नोंद केली: इथे सायट्रेट नाही, अमोनिया नाही, ४० टक्क्यांहून जास्त अ‍ॅसिटोन नाही.