मृग बहाराच्या ताणात सेंट अँड्र्यूजची वारी

मृग बहार घेणाऱ्या संत्रा बागायतदाराला वर्षात खरी उसंत मिळते ती मे महिन्यात. बागेचं पाणी तोडलेलं असतं, झाडं ताणावर असतात, पानं मलूल दिसली तरी हात लावायचा नसतो. जूनचा पाऊस पडला की बाग फुटते आणि मग तिला सोडून हलता येत नाही. काटोल तालुक्यातल्या आमच्या गावातून स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचं ठरलं, तेव्हा तारखा या झाडांनीच ठरवल्या. हिंगणघाटच्या आमच्या जिनिंगवाल्या दादांचा कापसाचा हंगामही तोवर उतरलेला असतो. तिकडेही मे महिना चांगला: दिवस लांब, सूर्य मावळतो रात्री नऊनंतर.

आम्हाला हा खेळ लावला तो सुभेदार काकांनी. पलटणीत असताना ते खेळायला शिकले आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर एकेकाच्या हातात स्टिक देत गेले. नागपूरजवळच्या मैदानावर आम्ही जमतो. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाऊल रुततं, उन्हाळ्यात भेगा पडतात, तरी खेळ सोडला नाही. सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडच्या समुद्रकाठचं गाव, गोल्फचं माहेर. ते पाहायची इच्छा काकांचीच होती, म्हणून हा घाट घातला.

टूर कंपनीने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात रोज एक नवं मैदान होतं. काकांनी कागद वाचला आणि म्हणाले, "रोज अठरा होल पायी चालनार? तिसऱ्या दिवशी कोनी उठनार नाही, भाऊ." ते बरोबर होतं. होल म्हणजे चेंडू घालायचं जमिनीतलं भोक, आणि एका फेरीत अशी अठरा. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या मैदानावर, गाडीत बसून खेळायची सोय सर्वसाधारण खेळाडूला नाही. चालावंच लागतं, तेही समुद्रावरच्या वाऱ्यात. आम्ही निम्मी मैदानं काढून टाकली, एकाच गावात मुक्काम ठेवला आणि मार्चपासून पहाटे बांधाबांधाने चालायची सवय केली. गटाने गोल्फला जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच राहील: खेळ कमी ठेवा, मुक्काम वाढवा. दुसरं, माणसं चारच्या पटीत जमवा. खेळ चौकडीने चालतो. एखादा उरला की त्याला अनोळखी लोकांत जावं लागतं.

व्हिसाची तयारी शेतकऱ्याने फार आधी सुरू करावी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे नोकरदारासारखी विवरणपत्रं आपल्याकडे नसतात. आम्ही सातबारा, बाजार समितीतल्या अडत्यांच्या पट्ट्या आणि बँकेचं खातेपुस्तक असं सगळं लावलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. ते नागपूरला करून घेतलं आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो.

सामानाचं वजन हा वेगळा विषय. नियमाने पिशवीत १४ पर्यंत स्टिक ठेवता येतात, पण मुंबईपर्यंत वेगळं तिकीट काढलं तर देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोवरच हिशेब संपतो. आम्ही नागपूरहून दोहामार्गे एडिनबरा असं एकच तिकीट काढलं, त्यामुळे सामान थेट पोचलं. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात, हेही घरूनच सगळ्यांना बजावलं होतं.

आता ओल्ड कोर्स. तिथे खेळायचे मुख्य रस्ते दोन. एक, कंपनीमार्फत महिनोन् महिने आधी वेळ पक्की करायची. ती महाग पडते. दुसरा, सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, संध्याकाळी निकाल लागतो. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा, दाखला मात्र जवळ हवा. आम्ही सोडतीवर विसंबलो, आणि निघण्यापूर्वीच सगळ्यांनी एक गोष्ट कबूल केली: ज्या चौकडीचं नाव निघेल ती खेळेल, कुणी रुसायचं नाही. नाव निघालं ते काकांच्या चौकडीचं. यापेक्षा चांगलं काही घडूच शकलं नसतं.

आम्ही बाकीचे शेजारच्या न्यू कोर्सवर खेळलो. नाव न्यू असलं तरी ते मैदान १८९५ चं आहे. रेताड जमीन, पाऊस पडून गेला तरी पायाखाली चिखल नाही. चेंडू टप्पा घेऊन लांब घरंगळत जातो. काळ्या मातीवर वाढलेल्या माणसाला या जमिनीचा अंदाज यायला वेळ लागतो.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी ती जमीन गावाची. लोक पोरं घेऊन, कुत्री घेऊन येतात. आम्ही सगळे स्विल्कन पुलावरून पलीकडे गेलो आणि पहिल्यापासून अठराव्यापर्यंत चाललो. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. इथे चौदा होलना दोन-दोन मिळून एकच ग्रीन, म्हणून १८ होलना ग्रीन फक्त ११. चौदाव्यावरचा 'हेल' बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, पाहिला. आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांनी असे खड्डे पाडले, असं तिथे सांगतात.

ही जमीन मुळात आपल्या गायरानासारखी आहे. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी सनद देऊन गावकऱ्यांचा इथे खेळायचा हक्क मान्य केला. १७९७ मध्ये गावाचं दिवाळं निघालं, जमीन सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली, खेळणारे आणि ससेवाले वर्षानुवर्षं भांडले. १८२१ मध्ये चीप नावाच्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी वाचवली. पुढे १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती गावाच्या ताब्यात आली. गोल्फ म्हणजे कुंपणाआडचा श्रीमंतांचा खेळ, असं आपल्याकडे सारखं ऐकू येतं. जिथे तो वाढला तिथे गावाने या जमिनीवर खेळायचा हक्क शतकानुशतकं धरून ठेवला, म्हणून तो टिकला. आपल्याकडची गायरानं कशी आक्रसत गेली ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे हा इतिहास मला फार जवळचा वाटला.

घरच्या बायकांचा वेळ कसा जाईल ही काळजी निघताना होती. पण तिथे 'हिमालयाज' नावाचं उंचसखल हिरवळीचं पटिंगचं, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायचं, मैदान आहे. ते १८६७ साली स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबचं, आणि थोड्या पैशात कुणालाही खेळता येतं. वहिनी आणि काकू तिथून हलायला तयार नव्हत्या. गटाचा कार्यक्रम आखताना अशी जागा आधीच शोधून त्यासाठी पूर्ण दुपार राखून ठेवावी.

पुढची खेप स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकची धरली आहे. गोल्फची मानाची ओपन स्पर्धा १८६० मध्ये पहिल्यांदा झाली ती तिथे. मे महिनाच, माणसं आठ, आणि या वेळी काकूंनाही पूर्ण १८ होल खेळायचे आहेत. सातबाराचं भाषांतर डिसेंबरातच करून घ्यायचं ठरलं आहे.