गुरगुरणं थांबलं म्हणून आम्ही खूश होतो

नाव गुंड्या असलं तरी आमचा कुत्रा म्हणजे निव्वळ गोगलगाय. सात वर्षांत तो भुंकला असेल तर खारींवर. शेजारची पोरं त्याचे गाल धरून ओढायची आणि हा आपला शेपूट हलवत उभा. त्यामुळे गणपतीत एका संध्याकाळी मुलाने पट्टा घालताना तो गुरगुरला तेव्हा आम्ही हसलो. ढोल-ताशाने बिथरला असेल, म्हटलं.

गणपती गेले, ढोल थांबले, तरी गुंड्या दिवाणाखालीच. कुणी डोक्याकडे हात नेला की ओठ चाटायचा, मान फिरवायचा, डोळ्यांतला पांढरा भाग दिसायला लागायचा आणि मग घशातून तो आवाज. भाकरीच्या कडा टाकू लागला होता, पण दूध-पोळी चाटूनपुसून खायचा. खातोय म्हणजे दुखत नसणार, हा माझा हिशोब. एका डॉक्टरांना दाखवलं. ताप नाही, हट्टी झालाय, जरा धाक ठेवा, असं ते म्हणाले. तोंड उघडून त्यांनी बघितलं नाही आणि बघा असं म्हणायचं मलाही सुचलं नाही.

धाक म्हणून ह्यांनी गुरगुरल्यावर दोनदा पेपरची गुंडाळी मारली. गुरगुरणं खरंच थांबलं. आठवडाभर आम्ही केवढे खूश होतो!

मग सासूबाईंनी नेहमीसारखा गाल कुरवाळला आणि गुंड्या आवाजही न करता मनगटाला चावला. सोडलं लगेच, पण दोन दात रुतले होते, रक्त आलं. खरं तर हात यायच्या आत त्याचं अंग ताठ झालं होतं. ते मला नंतर आठवलं.

शेजारच्या काकू तिखटाची वाटी घेऊन धावत आल्या, जखमेत भरायला. ती वाटी मी परत पाठवली आणि आईंचा हात नळाखाली धरून साबणाने धूत राहिले, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. "बास गं, कातडं निघेल," असं त्या म्हणत होत्या. सरकारी दवाखान्यात जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं, दिलं, दंडाला लस सुरू झाली: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. गुंड्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली आहे, तरी आम्ही हे चुकवलं नाही आणि त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवलं. चावताना रेबीजचे विषाणू लाळेत असतील तर कुत्रा साधारण तेवढ्या दिवसांत आजारी दिसतो किंवा मरतो.

तोवर गल्लीत गुंड्या "पिसाळला" होता. एकाने पाण्याचं भांडं ठेवून बघा म्हणून सुचवलं. पाण्याची भीती हे रेबीज झालेल्या माणसाचं लक्षण, पिसाळलेलं कुत्रं पाण्याला घाबरतंच असं नाही. पण कोपऱ्यावर उभं राहून हे किती जणांना सांगणार.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. कुठे हात लावल्यावर चिडतो? झोपेतून उठवल्यावर की जागेपणी? जिना चढतो का? चघळायला काय देता? शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. ऑगस्टमध्ये मीच हौसेने याकच्या दुधाची छुरपी, म्हणजे वाळवलेल्या चीजची कांडी, आणली होती, दगडासारखी कडक. त्या म्हणाल्या, अंगठ्याचं नख रुतत नाही ती वस्तू कुत्र्याच्या दातांसाठी कडकच. मग थोडी गुंगी देऊन, जाळीचं तोंडबंद काढून जबडा उघडला. डाव्या बाजूच्या वरच्या मोठ्या दाढेचा एक पापुद्रा उडाला होता, आतला लाल गर दिसत होता. ह्या दाढेची मुळं डोळ्याच्या खालपर्यंत जातात. गाल कुरवाळणं म्हणजे तिथेच दाबणं.

रक्त तपासून, उपाशी ठेवून, पूर्ण भूल देऊन एक्स-रे काढला. मुळाशी पू झाला होता. तीन मुळांची दाढ, तीन तुकडे करूनच निघाली. डॉक्टरबाईंनी ती डबीत घालून दिली.

मला वाटलं होतं, दाढ गेली की झालं. हिरडी पंधरवड्यात भरली, पण हात येताना दिसला की गुंड्या अजूनही आक्रसायचा. हात म्हणजे कळ, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग हातभर लांबूनच हात दाखवायचा आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा, असं सुरू केलं. चार-पाच वेळा झालं की बंद. मान फिरवली की माघार. वीतभर अंतरावर यायलाच तीन आठवडे गेले. ह्यांना धीर नव्हता, मध्येच त्यांनी थेट डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही पुन्हा हातभर लांब. पण गुंड्या तेव्हा गुरगुरला, आणि त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की मी ह्यांच्यावर ओरडायचंच विसरले.

दिवाळीनंतर एका दुपारी आई शेंगा सोलत बसल्या होत्या. गुंड्या आला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवून बसला. त्यांनी दोन्ही हात वर धरले. "हात लावू का रे?" म्हणाल्या. मग तीन बोटांनी मानेखाली खाजवलं, थांबल्या. त्याने नाकाने त्यांचा हात ढोसला.