सीताफळ फुलतं पण धरत नाही? झाडाला दोष देऊ नका

तीन वर्षं आमच्या गच्चीवरचं सीताफळ नुसतं फुलायचं. नेरुळला आमचं रो-हाऊस आहे, वर गच्चीत 200 लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून त्यात बाळानगर जातीचं कलम लावलंय, लाल माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड, ऊन तर दिवसभर. मे महिना आला की फांदीफांदीला ती हिरवट, जाड पाकळ्यांची फुलं लटकायची आणि चार दिवसांत खाली सडा. खत बदललं, पाणी वाढवलं, मग कमी केलं, नर्सरीवाल्या दादांनी दिलेलं टॉनिक पण मारून झालं, काही फरक नाही. आई सासवडकडची, ती म्हणायची अगं आमच्याकडे डोंगरावर कोण पाणी घालतं, तरी पाट्या भरभरून निघतात, तुझ्याच झाडाला काय झालंय.

झाडाला काहीच झालं नव्हतं! सीताफळाच्या फुलात मादीचा भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, तोवर मादीचा भाग सुकून गेलेला असतो. म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी न्यायला हवेत. हे काम मधमाश्यांचं नाही, पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणाऱ्या अगदी बारीक भुंगेऱ्यांचं आहे. पडलेल्या, सडक्या फळांवर आणि कुजक्या पाल्यात ते असतात, आमच्या झाडून पुसून ठेवलेल्या गच्चीत कुठून येणार.

मग मागच्या वर्षी मीच ब्रश घेतला, मुलीच्या रंगपेटीतला सगळ्यात बारीक. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. ज्या फुलाच्या तिन्ही पाकळ्या पूर्ण फाकल्यात ते स्टीलच्या वाटीवर धरून टिचकी मारायची, आतून फिकट तपकिरी कण्या पडतात, तेच आपलं सोनं. आता असं फूल शोधायचं ज्याच्या पाकळ्या जेमतेम सुटल्यात, एक पाकळी बोटाने हळूच बाजूला केली की आत मधोमध छोटा शंकू दिसतो, ओलसर, चकचकीत. त्याच्यावर ब्रश सगळीकडून गोल फिरवायचा. सगळीकडून हे महत्त्वाचं, कारण सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे फुलातला एकेक वेगळा भाग असतो, ज्या बाजूला पराग पोचले नाहीत ती बाजू भरतच नाही आणि फळ वाकडं होतं. माझी पहिली दोन अशीच झाली, एका अंगाने फुगलेली, दुसरीकडून चपटी.

वीसेक फुलांना ब्रश लावला, अकरा धरली. जुलैच्या पावसात तीन गळाली, त्या वेळी ड्रमची भोकं मातीने बुजली होती आणि पाणी साचलं होतं, म्हणून आता ड्रम विटांवर ठेवलाय. मुंग्यांची रांग दिसली की लगेच फळं बघा, डोळ्यांच्या खाचेत पांढरा पिठ्या ढेकूण बसलेला असतो, मी साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून काढते, वर निंबोळी तेल.

ऑक्टोबरात खाचा पिवळसर झाल्या तशी फळं काढून तांदळाच्या डब्यात ठेवली. चौथ्या दिवशी आईने एक वाकडंच उचललं, मधून फोडलं आणि भरलेल्या बाजूचा गर खाऊन म्हणाली, गोडीला सासवडचंच आहे. यंदा फेब्रुवारीत पानं गळाल्यावर हलकी छाटणी केलीय, नवीन फुटव्यांवर आत्ताच कळ्या दिसतायत.