कारल्याचा वेल आणि तीन रकाने

आश्विन शुद्ध पंचमी

भोंडला म्हटलं की आधी खिरापत आठवते, गाणी मागाहून. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून 'कारल्याचा वेल' म्हणताना चाल इतकी खेळकर असते की शब्दांकडे लक्षच जात नाही. आज ते गाणं चाल बाजूला ठेवून नुसतं वहीत उतरवलं. कागदावर ते अजिबात गमतीचं दिसत नाही.

सून माहेरी जायला मागते. सासू एकदाही 'नाही' म्हणत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. कारल्याचं बी पेर, मग जा. पेरलं. आता कोंब येऊ दे. आला. वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर. काही गावांत याच्याही पुढे जातात: मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. मग दीर, नणंद, नवरा. 'आज रोख, उद्या उधार' ही दुकानातली पाटी आणि हे गाणं सख्खी भावंडं.

वेलाचा हिशेब मांडला तर आणखी उलगडतं. कारल्याच्या बीचं कवच टणक. रात्रभर भिजवून लावलं तरी उगवायला आठवडा-दहा दिवस जातात. मांडवावर चढून फुलायला महिना-सव्वा महिना, आणि पहिला तोडा साधारण दोन महिन्यांनी. त्यातही पहिली फुलं नर असतात, ती नुसतीच गळतात. मादी फूल मागून येतं, त्याच्या देठाशी इवलंसं कारलं आधीच दिसतं. म्हणजे 'फूल येऊ दे' ही अट पुरी झाली तरी कारल्याचा पत्ता नाही. पाणी घालणं सुनेच्या हातात, फूल कुठलं येणार ते नाही.

दोन महिन्यांत विखुरलेली एकेक अट ऐकायला रास्तच वाटते. गाणं त्या सगळ्या दोन मिनिटांत ओळीने उभ्या करतं, म्हणून डाव दिसतो. घरातलं, नात्यातलं असंच काही तपासायचं तर हीच युक्ती वापरावी. कागदावर तीन रकाने: काय अट घातली, ती कोणत्या तारखेला पुरी झाली, त्यावर काय उत्तर मिळालं. शब्द जसेच्या तसे लिहावेत. 'तो चिडला' याचा पुढे उपयोग नाही. 'परीक्षा झाली की नोकरीचं बघू म्हणाला' याचा आहे. तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पुढच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात जाऊन बसायला लागलं, आणि तसं तीन-चारदा झालं, की तो वेल कारल्याचाच.

एवढ्यावरून लगेच निकाल मात्र देऊ नये. आजारपण, पैशाची ओढाताण यांमुळेही गोष्टी खरोखर लांबतात. तेव्हा लांबवणारा माणूस स्वतःहून नवी तारीख देतो, त्याचं त्यालाही वाईट वाटतं, आणि 'कधी?' विचारलं म्हणून खेकसत नाही. दुसरी चूक म्हणजे रकाने भरले की तेच समोरच्याच्या पुढ्यात टाकणं. अशाने माणूस सुधारत नाही, वही तेवढी गायब होते. पासवर्ड दोघांना माहीत असलेल्या फोनवरही हे लिहू नये. आणि सासू म्हणजे सासूच, असंही नाही; प्रियकर, वडील, जिवलग मैत्रीण, कुणीही हे कडवं म्हणू शकतं.

गाण्याचा शेवट मला खटकतो. फणी येते, वेणी घातली जाते, राणी माहेरी जाते. इतक्या अटींनंतर परवानगी नेमकी कशामुळे मिळाली, ते गाणं सांगत नाही. ऐकणारीला मात्र वाटतं, नेटाने वेल वाढवला की सुटका होते.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळही धरलेला आहे. संरक्षण अधिकारी भरून घेतात त्या घटना अहवालाच्या नमुन्यात घराबाहेर पडू न देणं आणि एखाद्या माणसाला भेटू न देणं, दोन्ही नावानिशी लिहिलेलं आहे. महिला हेल्पलाइन १८१. तक्रार करायची की नाही हे जिचं तिने ठरवावं, पण त्या नमुन्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण विचारतात, आणि तारखा तर दुसऱ्या रकान्यात लिहिलेल्याच असतात.